‘नाशिकची’ म्हणजे कोणाची? : एका उगमनामाची कहाणी

लालबागच्या चिवडा गल्लीतून जाताना तळलेल्या पोह्यांचा खमंग वास येतो, आणि मसाल्याच्या बाजारात शिरले की भाजलेल्या मिरचीने ठसका लागतो. लालबागचा चिवडा, लालबागचा मसाला आणि १९३४ पासूनचा लालबागचा राजा. या परिसरातल्या महाविद्यालयांत विभक्ती शिकवताना षष्ठीसाठी आम्हांला उदाहरणे शोधत दूर जावे लागत नाही. मात्र याच उदाहरणांतून एक पेच उभा राहतो. ‘लालबागचा’ म्हणजे लालबागेत तयार झालेला, की लालबागकरांच्या मालकीचा? आपल्या व्याकरणपरंपरेने षष्ठीला कारकांच्या पंक्तीत बसवले नाही. तिचे काम संबंध दाखवण्याचे, असे म्हटले. हा संबंध उगमाचा असू शकतो, तसाच स्वस्वामिभावाचाही. ‘कुठला’ आणि ‘कोणाचा’ या दोन प्रश्नांना मराठी एकाच ‘चा’ने उत्तर देते.

चिवडा नाशिकचाही प्रसिद्ध आहे. मसाला मालवणचाही लालबागेत मिळतो. तेथे कोणी कोणाला ‘हे नाव तू कसे वापरतोस’ असे विचारत नाही. पण याच नाशिकच्या एका पदार्थाबाबत हा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारला गेला आणि त्याची सरकारदरबारी नोंद झाली. तो पदार्थ म्हणजे वाइन. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला २०१०-११ या वर्षात भौगोलिक मानांकन मिळाले. त्यासाठी अर्ज केला होता तो ‘सामंत सोमा वाइन्स लिमिटेड’ या कंपनीने, म्हणजे ‘सुला’ या नावाने जी वाइन आपल्याला परिचित आहे, तिच्या घराने. एका कुटुंबाच्या उद्योगाने एका प्रदेशाला नाव मिळवून दिले. या घटनेकडे उद्योगाच्या इतिहासातले पान म्हणून पाहता येईल. साहित्याच्या आणि भाषेच्या अभ्यासकांनी मात्र तिच्याकडे नामकरणाचा इतिहास म्हणून पाहावे, असे आम्हांला वाटते. नाव कोण ठेवतो, ते कोणासाठी ठेवतो आणि ठेवून झाल्यावर ते कोणाचे राहते, हे तिच्यातले खरे प्रश्न आहेत.

गावाच्या नावाने वाइन ओळखण्याची रीत जुनी आहे. तस्कनीच्या तिसऱ्या कोसिमो मेदिचीने १७१६ मध्ये फर्मान काढून कियांतीच्या सीमा ठरवल्या. पोर्तुगालात १७५६ मध्ये पोंबालने दोरू खोऱ्याची आखणी केली. पण ही नावे राजसत्तेने वरून दिलेली होती. आज ज्याला आपण उगमनामाची व्यवस्था म्हणतो, तिचा पाया विसाव्या शतकात फ्रान्समध्ये घातला गेला, आणि त्यात एका कुटुंबाच्या वाइनघराचा वाटा मोठा आहे.

ऱ्होन नदीच्या खोऱ्यातील शातोनफ-द्यु-पाप या गावात शातो फोर्तिया नावाची एक इस्टेट आहे. पहिल्या महायुद्धात वैमानिक असलेला आणि वकिलीचे शिक्षण घेतलेला बॅरन पिएर ल रुआ हा लग्नसंबंधाने या इस्टेटीवर आला. त्या काळी त्या गावाच्या नावाखाली कुठलीही वाइन खपवली जात असे. १९२३ मध्ये गावातील द्राक्षबागायतदार बॅरनकडे गेले आणि त्यांनी या फसवणुकीविरुद्ध नेतृत्व करण्याची विनंती केली. त्याची अट अशी सांगितली जाते, की आधी बागायतदारांनी स्वतःच्या घरात प्रामाणिकपणा पाळावा. मग नियम ठरले. जेथे रानटी थाइम आणि लव्हेंडर उगवते, अशा रुक्ष जमिनीतलीच द्राक्षे घ्यायची. ठरलेल्या जातीच लावायच्या. तोडणीच्या वेळी द्राक्षे निवडून खराब बाजूला काढायची. वाइनमध्ये मद्यार्क किमान साडेबारा टक्के असला पाहिजे. हे प्रकरण न्यायालयांतून दहा वर्षे चालले आणि १९३३ मध्ये बागायतदारांच्या बाजूने निकाली निघाले. १९३५ मध्ये जोझेफ काप्यू या सिनेटरच्या पुढाकाराने ही व्यवस्था देशव्यापी कायद्यात आली, आणि १९३६ मध्ये ज्या पहिल्या काही नावांना ‘नियंत्रित उगमनाम’ मिळाले, त्यांत शातोनफ-द्यु-पाप होते.

या घटनाक्रमात क्रम महत्त्वाचा आहे. आधी गावाचे रुळलेले नाव. मग त्या नावाची चोरी. मग बागायतदारांची संघटना. मग त्यांनी निवडलेला एका घराचा धनी, आणि शेवटी न्यायालय व राज्यसंस्था. घराने पुढाकार घेतला, परंतु नाव त्या घराचे नव्हते. आपल्याकडे हा क्रम जवळजवळ उलटा झाला. त्या उलट्या क्रमाची किंमत कोणी मोजली, हे समजून घेण्यासाठी प्रथम महाराष्ट्रातील वाइनच्या नावांकडेच पाहू.

महाराष्ट्रात मद्याचा सारा व्यवहार ज्या कायद्याखाली चालतो, तो मुळात दारूबंदीचा कायदा आहे : १९४९ चा. वाइन गाळण्याचा परवाना दारूबंदीच्या कायद्याखाली घ्यावा लागावा, यातला विरोधाभास एखाद्या विनोदी लेखकाला सुचला असता तर आपण त्याला अतिशयोक्ती म्हटले असते. मराठीत ‘दारू’ या शब्दाला जो सामाजिक डाग आहे, तो ‘वाइन’ने इंग्रजी नाव घेऊन चुकवला. ‘द्राक्षासव’ आयुर्वेदाच्या बाटलीत राहिले, ‘वारुणी’ संस्कृत काव्यात. मराठी कवितेत द्राक्षरस आला तो फार्सीच्या वाटेने. माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या, आणि त्यांच्या एका पुस्तकाचे नावच ‘द्राक्षकन्या’ आहे. म्हणजे आपल्याकडे द्राक्षाची बाग आणि द्राक्षाची कविता यांचे गाव एक नव्हते.

हे आम्ही उगाच सांगत नाही. १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगावला शामराव चौगुले यांच्या कुटुंबाने फ्रेंच तंत्रसाहाय्य घेऊन फसफसणारी वाइन तयार केली. परदेशी बाजारात ती ज्या नावाने गेली, ते नाव होते ‘ओमर खय्याम’. देशी बाजारातल्या बाटलीवर होते ‘मार्किज द पोंपादूर’, अठराव्या शतकातील फ्रेंच राजदरबारातल्या बाईचे नाव. उद्योगाचे नाव ‘शातो इंडाज’. एक नाव फार्सी कवीचे, एक फ्रेंच सरदारणीचे, आणि घराला शब्द फ्रेंच गढीचा. त्या बाटलीत नारायणगावची जमीन होती, सह्याद्रीच्या उताराचे पाणी होते, जुन्नर तालुक्यातल्या मजुरांचे हात होते. नावात मात्र यांपैकी कोणी नव्हते. भारतीय वाइनला परदेशी कानांना ओळखीचे वाटेल असे नाव हवे, हा त्या काळाचा व्यापारी हिशेब असणार, आणि त्याला आज नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याचा एक परिणाम झाला. २००८ नंतरच्या मंदीत कर्जाच्या ओझ्याखाली ही संस्था कोलमडली, तेव्हा तिच्या मागे उरेल असे प्रदेशाचे नाव नव्हते. भारतीय वाइनच्या इतिहासात चौगुल्यांचे काम पायाभूत आहे. तरी ‘नारायणगावची वाइन’ ही षष्ठी मराठीत कधी जन्मलीच नाही.

नाशिकची गोष्ट वेगळी घडली. राजीव सामंत हे मुंबईचे. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकले, तेथेच ओरॅकल कंपनीत नोकरीला होते, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी परत येऊन नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरातील कुटुंबाच्या जमिनीवर त्यांनी शेती करायचे ठरवले. आंबे लावून पाहिले, खाण्याची द्राक्षे लावली. मग वाइनसाठीच्या द्राक्षांचा विचार आला. कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅमस्की यांची साथ मिळाली. १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनें ब्लां या जाती लावल्या गेल्या, १९९९ मध्ये वायनरी उभी राहिली आणि २००० मध्ये पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. बाटलीवरचे ‘सुला’ हे नाव आईच्या ‘सुलभा’ या नावावरून घेतलेले. नारायणगावच्या बाटलीवर पोंपादूर होती; येथे एका मराठी घरातली आई आली. नामकरणाच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. कंपनीच्या नावात तर आडनाव आणि वेदांतला ‘सोम’ शेजारी शेजारी बसले : ‘सामंत सोमा’. (लालबाग-परळच्या कानांना ‘सामंत’ म्हटले की १८ जानेवारी १९८२ चा संप आणि डॉ. दत्ता सामंत आठवतात. हा केवळ आडनावाच्या नादाचा योगायोग. पण आमच्या भागात हा नाद टाळता येत नाही.)

पुढे याच घराने ‘दिंडोरी रिझर्व्ह’ या नावाची शिराझ काढली. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे नाव बाटलीच्या दर्शनी भागावर आले. ज्या नावाची एरवी सातबाऱ्यावर, एसटीच्या पाटीवर आणि बाजारसमितीच्या पावतीवरच नोंद होती, ते एका पंचतारांकित हॉटेलच्या यादीत जाऊन बसले. प्रदेश आणि वाइन यांचे नाते जोडण्याची ही पहिली खूण नसेल, पण सर्वांत स्पष्ट खूण आहे.

येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. सामंत नाशिकला आले तेव्हा नाशिक द्राक्षांसाठी नवे नव्हते. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० पासून काम करीत होता. निर्यातीसाठी बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ १९९१ मध्ये उभी केली होती. वर्षातून दोनदा छाटणी करण्याचे तंत्र, एप्रिलमधली खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधली गोडी छाटणी, हे या बागायतदारांच्या अंगवळणी पडलेले होते. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून कात्रीने तिचे ऋतू ठरवावे लागतात. गोडी छाटणी वेळेवर साधली की पावसाळा टाळून जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, दिवसा ऊन आणि रात्री गारवा असताना, घड पिकतात. नाशिकच्या वाइनचे जे काही वैशिष्ट्य आहे, ते या उलट्या ऋतुचक्रात आहे. आणि हे चक्र बसवण्याचे श्रेय कुठल्याही एका वायनरीचे नाही. वाइनघराने नव्या जाती आणल्या, थंड तापमानात रस आंबवण्याची पोलादी टाकी आणली, बाजार आणला. पण जमिनीला वेल कशी ऐकते, हे शिकवणारे हात आधीच तेथे होते.

२००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले. उत्पादनशुल्कात सवलती मिळाल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क आखले गेले. नाशिकच्या परिसरात एकामागून एक वायनऱ्या उभ्या राहिल्या. बागायतदारांनी दीर्घ मुदतीचे करार करून खाण्याच्या द्राक्षांच्या जागी वाइनची द्राक्षे लावली.

याच दशकात भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा आला : मंजुरी १९९९ ची, अंमल सप्टेंबर २००३ पासून. त्यामागे जागतिक व्यापार संघटनेचा करार होता. त्या करारात एक विषमता आहे, तीही लक्षात घेण्याजोगी आहे. कलम २२ सर्व वस्तूंच्या स्थलनामांना सामान्य संरक्षण देते. कलम २३ मात्र वाइन आणि स्पिरिट यांना जादा संरक्षण देते. युरोपला आपल्या शँपेनची काळजी होती, आपल्याला बासमतीची; १९९७ मध्ये एका अमेरिकी कंपनीला बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळाल्याचे शल्य ताजे होते. वाइनला मिळते तेच जादा संरक्षण इतर वस्तूंनाही मिळावे, असा आग्रह भारत तेव्हापासून धरत आला. अशा या कायद्याखाली दार्जिलिंग चहा पहिला नोंदला गेला. महाराष्ट्रातून सोलापुरी चादर, पुणेरी पगडी, पैठणी अशी नावे नोंदली गेली. आणि ज्या पदार्थाला महाराष्ट्रात परंपरेचे सर्वांत कमी वय होते, पण जागतिक कायद्यात सर्वांत भक्कम छत्र होते, तो पदार्थही या यादीत आला : नाशिक व्हॅली वाइन.

नावांची ही यादी भाषेच्या अंगाने वाचली तर एक भेद डोळ्यांत भरतो. पैठणी, सोलापुरी, पुणेरी, कोल्हापुरी ही सारी तद्धिते आहेत. गावाच्या नावाला प्रत्यय लागून विशेषण झाले आणि कधी कधी ते विशेषण स्वतंत्र नाम होऊन बसले. पैठणी म्हटल्यावर पुढे ‘साडी’ म्हणावे लागत नाही. हे पिढ्यांच्या बोलण्याचे काम आहे. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला ना तद्धिताचा प्रत्यय आहे, ना षष्ठीचा. तीन नामे एकापुढे एक ठेवलेली आहेत आणि त्यांतली दोन इंग्रजी आहेत. नाशिककर ‘व्हॅली’ म्हणत नाही. तो ‘गोदावरीचे खोरे’ म्हणेल. कॅलिफोर्नियातल्या नापा व्हॅलीला १९८१ मध्ये अमेरिकेत असेच प्रादेशिक मान्यतेचे नाव मिळाले होते, आणि नाशिकच्या या नावात त्या नावाचा प्रतिध्वनी ऐकू यावा, हे अर्जदारांचे कॅलिफोर्नियाशी असलेले नाते पाहता अस्वाभाविक वाटत नाही. शातोनफने लोकांच्या तोंडी असलेले नाव चोरांपासून वाचवले. नाशिकमध्ये आधी नाव घडवले गेले आणि मग ते लोकांच्या तोंडी बसण्याची वाट पाहणे आले.

आता ‘कोणाचे’ या प्रश्नाकडे वळू. ‘सुला’ हे व्यापारचिन्ह आहे. ते घराचे आहे. ते विकता येते, वारशाने देता येते, गहाण ठेवता येते. ‘नाशिक व्हॅली’ हे मानांकन आहे, आणि त्याबाबत कायदा नेमके उलटे बोलतो. मानांकनासाठी अर्ज करणारी संस्था उत्पादकांच्या हिताचे प्रतिनिधित्व करणारी असली पाहिजे, असे कलम ११ म्हणते. नोंदणी झाल्यावर कायदा तिला ‘नोंदणीकृत मालक’ म्हणतो खरे, पण कलम २४ प्रमाणे हा मालक ते नाव विकू शकत नाही, भाड्याने देऊ शकत नाही, गहाणही टाकू शकत नाही. त्या प्रदेशातला दुसरा उत्पादक अटी पाळून अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी मागू शकतो. म्हणजे ज्याच्या नावावर मालमत्ता आहे, त्याला ती खर्चता येत नाही. आणि ज्याच्या नावावर नाही, त्याला ती वापरण्याचा मार्ग खुला आहे. षष्ठीचे दोन अर्थ, उगमाचा आणि मालकीचा, कायद्याने असे वेगळे काढून ठेवले आहेत. ‘मालक’ हा शब्द तेवढा जुन्याच सवयीने उरला.

कायद्याने काढलेली ही रेघ जमिनीवर कशी दिसली? मानांकन मिळाले त्या सुमाराचा काळ आठवून पाहावा. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच नोव्हेंबरात मुंबईवर झालेला हल्ला यांमुळे हॉटेले आणि पर्यटन यांचा धंदा बसला, आणि वाइनचा खप त्यांच्यावरच अवलंबून होता. टाक्या भरलेल्या राहिल्या; अनेक वायनऱ्यांनी द्राक्षे उचलली नाहीत किंवा पैसे थकवले. खाण्याच्या द्राक्षाला एक गिऱ्हाईक नाही मिळाले तर दुसरे मिळते. शेवटी बेदाणा तरी करता येतो. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया. बाजारसमितीत त्याला कोणी हात लावत नाही. वायनरीने पाठ फिरवली की तो घड वेलीवरच सुकतो. नाशिक जिल्ह्यातील अनेक बागायतदारांनी त्या दोन-तीन वर्षांत वाइनच्या वेली उपटून टाकल्या आणि पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात प्रदेशाचे नाव नोंदले जात होते, तेव्हा प्रदेशात त्या नावाखालच्या वेली उपटल्या जात होत्या. आमच्या मते या कहाणीतला सर्वांत कठीण प्रसंग हा आहे. उगमनाम हे प्रदेशाचे असते असे आपण म्हणतो. पण संकटाच्या वर्षी प्रदेशातल्या ज्या माणसाच्या हाती कुदळ होती, त्याच्यापर्यंत त्या नावाचे छत्र पोहोचले नव्हते.

याच कायद्याखाली दुसऱ्या वाटाही निघाल्या. २०१८ मध्ये हापूस आंब्याला मानांकन मिळाले, तेव्हा अर्जदारांत देवगड आणि कोकणातील आंबा उत्पादकांच्या संस्था आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ होते. कोल्हापुरी चपलेच्या मानांकनामागे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळे होती. म्हणूनच २०२५ मध्ये एका बड्या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या, तेव्हा ‘आमची चपल’ असे म्हणायला कारागीर पुढे येऊ शकले. या वाटा निर्दोष आहेत असे नाही. महामंडळे सुस्त असतात, सहकारी संस्थांत गटबाजी असते, हे महाराष्ट्राला कोणी सांगायला नको. पण ‘आमची’ हे सर्वनाम तेथे अनेकांच्या तोंडी होते. नाशिकच्या खाण्याच्या द्राक्षांनाही स्वतंत्र मानांकन आहे. म्हणजे एकाच मातीतल्या एकाच फळाच्या दोन रूपांना कागदावर दोन नावे आहेत. एक बागेचे, एक टाकीचे.

येथे आमच्यावर आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. घराने पुढाकार घेतला नसता तर हे नाव जन्मलेच नसते. बागायतदार संघाचे लक्ष खाण्याच्या द्राक्षांवर होते. सरकारला वाइन हा शब्द उच्चारतानाही संकोच होता. (२०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा उठलेले वादळ वाचकांना आठवत असेल, तो निर्णय पुढे रेंगाळला.) अशा परिस्थितीत अर्जाची कागदपत्रे, नकाशे, पुरावे जमवण्याचा खर्च आणि उरक एका खासगी घरानेच दाखवला. शातोनफमध्येही बॅरनविना बागायतदार न्यायालयात दहा वर्षे टिकले असते का, याची शंकाच आहे. प्रदेशाला नाव देण्यासाठी आरंभी एक घर लागते, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. आमचे म्हणणे पुढच्या पायरीबद्दल आहे. आरंभी घराला प्रतिष्ठेसाठी प्रदेशाचे नाव हवे असते. नंतर प्रदेशाला टिकण्यासाठी ते नाव घरापासून सुटे व्हावे लागते. बॅरन ल रुआच्या कामगिरीचे मोजमाप शातो फोर्तियाच्या बाटल्यांनी होत नाही. ज्या शेजाऱ्यांकडे गढी नव्हती, त्यांच्या बाटलीवरही तेच गावाचे नाव त्याच मानाने आले, यात ते आहे.

काळाने सामंतांच्या घराबाबतही हे सुटे होणे एका वेगळ्या रीतीने घडवून आणले. डिसेंबर २०२२ मध्ये सुला व्हिनयार्ड्सचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. आईच्या नावाची कंपनी आता हजारो अनोळखी भागधारकांचीही झाली. चौगुल्यांचे घर कोलमडले, सामंतांचे घर बाजारात उतरले. कुटुंबाची षष्ठी अशी सैल होत जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. प्रदेशाची षष्ठी मात्र सैल होऊन चालत नाही, कारण गंगापूर धरणाचे पाणी, दिंडोरीची माती आणि गोडी छाटणीचा हात यांना शेअर बाजारात जाता येत नाही. नाशिक व्हॅली हे नाव यापुढे खरे ठरेल की केवळ नोंदीत राहील, हे बाटलीच्या चवीवरून कळणार नाही. करार केलेला एखादा बागायतदार आपल्या बागेकडे बोट दाखवून ‘ही नाशिकची वाइन’ म्हणताना ‘ची’वर जोर देऊ लागेल, तेव्हा ते कळेल. आणि पुढच्या मंदीत तो कुदळ उचलण्यापूर्वी त्या नावाचा त्याला काही आधार मिळेल का, यावरूनही.

असो. हा लेख आम्ही लालबागेत बसून लिहीत आहोत, आणि येथे नावांचा प्रश्न पुस्तकी नाही. या भागाला ‘गिरणगाव’ हे नाव कोणी दिले? कुठल्याही गिरणीमालकाने नाही, कुठल्याही कार्यालयाने नाही. गिरण्यांवर मालकांच्या घराण्यांची नावे होती. पण सगळ्या मिळून जे गाव झाले, त्याचे नाव भोंग्यावर उठणाऱ्या माणसांनी आपल्या बोलण्यातून घडवले. पैठणीसारखेच ते लोकांचे नाव होते, आणि त्याची नोंदणी कधी झाली नाही. संप फिसकटला, गिरण्या बंद पडल्या, जमिनींवर मनोरे उठले. आता त्याच लोअर परळला कोणी ‘अप्पर वरळी’ म्हणून विकतो आणि त्याला कोणी अडवू शकत नाही. नाशिकला नाव आहे, त्याला कायद्याचे संरक्षण आहे, पण ते नाव अजून बोलीत मुरायचे आहे. गिरणगावाचे नाव बोलीत पुरते मुरलेले होते, संरक्षण मात्र शून्य होते. एकाकडे कागद आहे, दुसऱ्याकडे स्मृती.

यांपैकी कोणते नाव अधिक टिकेल, याचे उत्तर देण्याचे धाडस आम्ही करीत नाही. विभक्ती शिकवणाऱ्याच्या अधिकारात इतकेच सांगता येते, की षष्ठी एकट्या शब्दाला लागत नाही; तिच्या दोन्ही बाजूंना कोणीतरी लागते. ‘नाशिकची’ म्हणताना एका बाजूला बाटली आहे, हे आता साऱ्या जगाला दिसते. दुसऱ्या बाजूला नाशिक आहे, म्हणजे माणसे आहेत, हे दिसत राहिले पाहिजे.